लेखनसीमा : मजकूर नेमका कोठे संपतो?

१/२५
पाली म्हटले की बल्लाळेश्वर आठवतो, गावाच्या डोक्यावर उभा असलेला सरसगड आठवतो आणि थोड्या अंतरावरचा सुधागड आठवतो. सुधागडाच्या पठारावर एक चौसोपी वाडा आहे. तो पंतसचिवांचा वाडा. गडावर येणारे अनेक जण त्याच्या ओसरीवर विसावतात. पण 'सचिव' हा अधिकारी नेमके काय काम करीत असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या कामाचे एक मोठे अंग असे होते : राजाच्या नावाने निघणाऱ्या कागदावरील मजकूर कोठे सुरू होतो, कोठे संपतो, आणि मध्ये कोणी काही घातले किंवा काढले तर नाही ना, हे पाहणे.

२/२५
हाच प्रश्न आज संगणकापुढेही उभा राहतो. समजा, एखाद्या अभ्यासकाने शंभर ऐतिहासिक पत्रे टंकलिखित करून एकाच फाइलमध्ये ठेवली आहेत आणि प्रत्येक पत्र त्याला सुटे करून हवे आहे. त्यासाठी 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाची सांकेतिक भाषा वापरली जाते. संगणकाच्या जगात तिला 'रेजेक्स' म्हणतात. तिच्यात संगणकाला सांगता येते : अमुक खुणेपासून तमुक खूण येईपर्यंतचा मजकूर उचल. सांगणे सोपे आहे. सारी मेख 'येईपर्यंत' या शब्दात आहे. मराठ्यांच्या दफ्तरखान्याने ती मेख तीनशे वर्षांपूर्वीच ओळखली होती.

३/२५
प्रथम अडचण काय होती ते पाहू. पत्रे मोडी लिपीत लिहिली जात. लेखक आधी कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रेघ ओढीत असे आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेदही नाही. ओळ संपली की शब्द मध्येच तोडून पुढच्या ओळीवर नेला जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. लेखनाचा वेग वाढला, पण वाक्य कोठे संपले हे डोळ्यांना दाखवणारी कोणतीही खूण राहिली नाही.

४/२५
मग वाचणारा अर्थ कसा लावीत असे? ठरावीक शब्दांच्या आधारे. कागदाच्या माथ्यावर 'श्री'. त्यानंतर ज्याला पत्र लिहायचे त्याच्या दर्जाप्रमाणे मायना : कोणाला 'राजश्री', कोणाला 'तीर्थस्वरूप', कोणाला 'अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य'. मग नमस्कार, दंडवत किंवा आशीर्वाद. मग 'विनंती उपरी येथील कुशल', आणि त्यापुढे 'विशेष'. हा 'विशेष' शब्द आला की सरावलेल्या कारकुनाला कळे की उपचार संपले, आता कामाचा मजकूर सुरू झाला. पुढे एखादा नवा विषय निघाला की 'दिगर', म्हणजे 'दुसरे असे की'. शब्दच येथे विरामचिन्हांचे काम करीत होते.

५/२५
शेवटही असाच बांधलेला असे. छत्रपतींच्या आज्ञापत्रांत 'जाणिजे', 'लेखनालंकार' असे शब्द येत. बरोबरीच्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती' अशी ओळ येई. स्वामींना लिहिलेले पत्र 'हे विज्ञापना' या शब्दांनी संपे. हे शब्द नम्रतेचे होते, त्याचबरोबर ते कुंपणाचे दगडही होते. ते आले की मजकुराची हद्द संपली, असा संकेत लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखाच ठाऊक होता.

६/२५
पण या कुंपणात एक दोष होता. स्वामींना लिहिलेले पत्र 'विज्ञापना ऐसीजे' असे सुरू होई आणि 'हे विज्ञापना' असे संपे. स्नेह्याला लिहिलेले पत्र 'विनंती उपरी' असे सुरू होऊन 'हे विनंती' असे संपे. म्हणजे उघडणारा शब्द आणि मिटणारा शब्द एकच. शिवाय 'विनंती' हा रोजच्या बोलण्यातला शब्द. तो मजकुराच्या मध्येही येऊ शके. जो शब्द आत वावरतो तो वेशीवर पहारा देऊ शकत नाही. नव्या कारकुनाला अर्थ समजून वाचावे लागे. केवळ शब्द ओळखून भागत नसे.

७/२५
येथे सचिवाचे पद पुढे येते. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांची कामे ठरवून देणारा 'कानूजाबता' तयार झाला. त्यात सचिवाचे काम असे दिले आहे की त्याने राजपत्रे तपासावीत, अक्षर वा मजकूर अधिकउणा असेल तर शुद्ध करावा आणि पत्रावर आपली संमतीची खूण करावी. या पदाचे आधीचे फारसी नाव 'सुरनीस'. अण्णाजी दत्तो हे त्या पदावर होते. अधिक अक्षर आणि उणे अक्षर, या दोन शब्दांत दफ्तराची सारी चिंता सामावलेली आहे.

८/२५
याच काळात रघुनाथ पंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचला. राज्यकारभारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशाचे दहा वर्ग आहेत. दुर्ग, शस्त्र, चतुरंग यांच्या बरोबरीने त्यात 'लेखनवर्ग' हा स्वतंत्र विभाग आहे. किल्ले आणि सैन्य यांच्या पंक्तीला लेखनकाम बसवले गेले, यावरून त्या राज्यात कागदाला किती मान होता हे दिसते. गडाचा दरवाजा ज्या जाणिवेने बांधला जाई, त्याच जाणिवेने पत्राचा शेवटही बांधला जाई.

९/२५
शब्दांच्या कुंपणातील दोषावर उपाय होता शिक्क्याचा. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा पत्राच्या माथ्यावर उमटवली जाई, हे सर्वांना माहीत आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी, लहान मुद्रा पत्राच्या अखेरीस उमटे. तिच्यावरील अक्षरे होती 'मर्यादेयं विराजते', म्हणजे 'ही मर्यादा शोभत आहे'. मर्यादा म्हणजे सीमा. राजाची आज्ञा येथवर आहे, यापुढे एक अक्षरही नाही, हे सांगण्यासाठी खास एक मुद्रा कोरून घेतली होती.

१०/२५
या अखेरच्या शिक्क्याला 'मोर्तब' म्हणत. आजही एखाद्या निर्णयावर 'शिक्कामोर्तब झाले' असे मराठीत म्हटले जाते, तेव्हा माथ्याचा शिक्का आणि तळाचे मोर्तब असे दोन्ही त्या एका शब्दात एकत्र येतात. कागदावर 'मोर्तब सूद' असेही लिहिले जाई. फारसीतील 'शुद', म्हणजे 'झाले', त्याचे हे मराठी रूप. पेशवाईत या लहान मुद्रेवर 'लेखनसीमा' हा शब्द आढळतो. नाव बदलले, काम तेच राहिले.

११/२५
शिक्का शब्दापेक्षा सरस का? कारण तो मजकुराच्या जातीचा नाही. बोरूने लिहिलेल्या ओळींत 'विनंती' दहा वेळा येईल, 'जाणिजे' मध्येच येईल. पण धातूच्या मुद्रेचा ठसा मजकुराच्या ओघात चुकून कधीच उमटणार नाही. तो पाहण्यासाठी अर्थ समजण्याची गरज नाही, अक्षरओळखही लागत नाही. शेवटाची खूण विश्वासार्ह ठरते ती याच एका अटीवर : आतल्या मजकुरात ती येता कामा नये. या लेखमालिकेतील एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही.

१२/२५
कपटाचे दोन मार्ग होते, शेवटी भर घालणे आणि मधला भाग बदलणे. शेवटची ओळ आणि मोर्तब यांत जागा सोडली नाही की पहिला मार्ग बंद होई. दुसऱ्यासाठी वेगळी दक्षता लागे. लांब मजकूर असला की कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवले जात. अशा सांध्यावर शिक्का उमटवला की मधला तुकडा काढून नवा घालणे अवघड होई, कारण ठशाचे दोन अर्धे जुळले नसते. मजकुराच्या हद्दीला जसा पहारा, तसाच जोडालाही.

१३/२५
आकड्यांना तर आणखी जपावे लागे. १०० वर एक शून्य वाढवले की १००० होतात. म्हणून कर्जरोख्यांत आणि खरेदीखतांत रक्कम आकड्यांत लिहीत, मग अक्षरी लिहीत आणि वर तिचे 'निमे'ही लिहीत : रुपये शंभर, याचे निमे पन्नास. एक आकडा बदलला तर तिन्ही ठिकाणी बदलावा लागे. रकमेच्या शेवटी 'मात्र' किंवा 'फक्त' हा शब्द येई. आज बँकेच्या धनादेशावर अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहिले जाते आणि आकड्यापुढे आडवी रेघ ओढली जाते, ती याच सावधगिरीची पुढची पिढी आहे.

१४/२५
ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचेही शेवट ठरलेले होते. गावच्या वतनाचा तंटा गोतसभेपुढे निघाला की निवाड्याच्या कागदाखाली, म्हणजे महजरावर, हजर असलेल्यांच्या निशाण्या येत. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा. ज्याचे जे हत्यार तीच त्याची सही. या निशाण्याही शिक्क्याप्रमाणेच मजकुराच्या जातीच्या नव्हत्या. नांगराचे चित्र कोणत्याही वाक्याचा भाग होऊ शकत नाही; म्हणून ते दिसले की मजकूर संपून साक्ष सुरू झाली हे कोणालाही कळे.

१५/२५
आता पुन्हा पालीकडे. १६८१ साली औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर दुर्गादास राठोडासह मराठी मुलखात आला. त्याचा मुक्काम पालीच्या परिसरात, सुधागडाच्या पायथ्याशी ठेवण्यात आला. त्याच्या वास्तव्यावरून त्या जागेला 'पादशाहपूर' नाव पडले. आजचे पाच्छापूर ते हेच. त्याच वर्षी संभाजी महाराजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी अकबराशी पत्राने संधान बांधण्याचा प्रयत्न केला आणि अकबराकडूनच ती गोष्ट महाराजांना कळली, असे वृत्तांत सांगतात.

१६/२५
या प्रकरणात मृत्युदंड झालेल्यांत शिवकाळात सचिवपद भूषविलेले अण्णाजी दत्तो होते आणि चिटणीस बाळाजी आवजीही होते. राजपत्रे लिहिणारा आणि राजपत्रे तपासणारा, दोघेही एका पत्राच्या आरोपाखाली गेले. पालीजवळच्या औंढे-परळी भागाशी ही घटना जोडली जाते. बाळाजींचा दोष कितपत होता याविषयी मतभेद आहेत. त्यांना निर्दोष ठरवणारी बखर त्यांच्याच वंशातील मल्हार रामराव चिटणीस यांची आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ पुढे स्वराज्याच्या सेवेत नावाजले. कागदावरच्या मजकुराची किंमत त्या पिढीने प्राणांनी मोजली.

१७/२५
पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण गांडेकर सचिव झाले आणि ते पद त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. त्यांचे संस्थान म्हणजे भोर. घाटावरचे भोर आणि घाटाखालचा सुधागड तालुका असा त्याचा विस्तार होता. तालुक्याचे ठाणे पाली. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि पाली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आली. अशा रीतीने ज्या पदाचे मूळ काम राजपत्रातील अधिकउणे अक्षर पाहणे हे होते, त्या पदाच्या घराण्याकडे पालीचा कारभार जवळपास अडीच शतके राहिला. सुधागडावरील वाड्याचे नाव ही त्याची खूण.

१८/२५
पेशवाई संपल्यावर या जुन्या खुणांची खरी परीक्षा झाली. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि जमिनी करमुक्त खाणाऱ्या घराण्यांना आपल्या सनदा दाखवाव्या लागल्या. शिक्का अस्सल आहे का, मोर्तब जागेवर आहे का, दफ्तरात त्याची नोंद सापडते का, यावर घराण्याचे उत्पन्न ठरू लागले. बनावट कागद उघडे पडले. त्याचबरोबर ज्यांचे कागद गहाळ किंवा जीर्ण झाले होते, अशा घरांनाही त्याची झळ बसली. फाटलेल्या तळामुळे मोर्तब नाहीसे झाले असेल, तर वंशजांच्या सांगण्याला पुरावा उरत नसे.

१९/२५
आता संगणकाच्या खुणांचा इतिहास. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स यांनी मेंदूतील पेशींच्या जाळ्याचे एक गणिती रूप मांडले. त्यावर विचार करताना अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली दाखवले की मर्यादित स्थिती असलेले यंत्र कोणत्या अक्षरमालिका ओळखू शकते, हे एका लहान बीजगणितात लिहिता येते. तेच रेग्युलर एक्स्प्रेशन. 'आधीची खूण शून्य किंवा कितीही वेळा' हे सांगणारा तारा, '*', आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९६८ साली केन थॉम्पसन यांनी त्यावरून मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ती कल्पना संपादकांच्या हाती आली.

२०/२५
'खूण येईपर्यंत वाच' या कामासाठी अशा यंत्राला दोनच स्थिती पुरतात : 'मजकूर चालू' आणि 'मजकूर संपला'. मोर्तब दिसेपर्यंत पहिली, दिसताच दुसरी. दफ्तरातला कारकूनही हेच करीत होता. पण सूचना लिहिताना घोटाळा होतो. रेजेक्समध्ये '.' म्हणजे कोणतेही एक अक्षर, '.*' म्हणजे कोणतीही अक्षरे, कितीही. 'श्री.*लेखनसीमा' असे लिहिले की वाटते, एक पत्र हाती येईल. प्रत्यक्षात शंभर पत्रांच्या सलग मजकुरात यंत्र पहिल्या 'श्री'पासून शेवटच्या 'लेखनसीमा'पर्यंत सारे एका घासात गिळते. अशा ताऱ्याला 'हावरा' म्हणतात.

२१/२५
त्यावर उतारा एका प्रश्नचिन्हाचा. '.*?' असे लिहिले की यंत्र शक्य तितके कमी घेते आणि पहिल्याच 'लेखनसीमा'शी थांबते. याला 'आळशी' जुळणी म्हणतात. १९९४च्या पर्ल ५ या भाषेमुळे ती सर्वत्र रुळली. आणखी एक बारकावा असा की बहुतेक साधनांत '.' ओळ बदलली की अडते, वेगळी सूचना दिल्याशिवाय पलीकडे जात नाही. मोडी पत्रात तर ओळ शब्दाच्या मधोमध तुटते. जुन्या ओळी जशाच्या तशा ठेवून टंकलेखन केले असेल, तर 'लेखन' एका ओळीवर आणि 'सीमा' दुसऱ्या ओळीवर राहून शेवटची खूणच निसटते.

२२/२५
सुरुवातीची खूणही फसवी असते. माथ्यावरचा 'श्री' शोधायला निघालेले यंत्र 'राजश्री'च्या पोटातला 'श्री'ही पकडते, आणि मराठी पत्रात 'राजश्री' पावलोपावली आहे. म्हणून '^' ही खूण वापरून सांगावे लागते की 'श्री' ओळीच्या आरंभीच हवा. तिसरी युक्ती आहे नकाराची : '[^॥]*', म्हणजे '॥ सोडून काहीही'. शेवटची खूण एकाच चिन्हाची असेल तर ही रीत निर्धोक. हाव नाही, आळस नाही, कुंपण ओलांडणेच शक्य नाही. मात्र चौकटी कंसात 'लेखनसीमा' हा पूर्ण शब्द घातला तर यंत्र शब्द टाळत नाही, त्यातील प्रत्येक अक्षर आणि मात्रा टाळते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच अडखळते.

२३/२५
मग '॥' हीच शेवटची खूण का मानू नये? पोथीत ती श्लोकाचा शेवट दाखवते, हे खरे. पण मोडी कागदात तीच उभी जोडरेघ शब्दाचा संक्षेप दाखवते : 'सु॥' म्हणजे सुहूर सन. हिशेबात तीच अर्धा दाखवते : '५॥' म्हणजे साडेपाच, आणि एक रेघ असली तर पाव. पोथीच्या सवयीने '॥'शी थांबणारे यंत्र मोडी पत्राच्या तारखेतच थांबेल आणि जमाखर्चात साडेपाच रुपयांवर ग्रंथ समाप्त करील. खूण तीच, घर वेगळे, अर्थ वेगळा. कोणत्या दफ्तरात कोणती खूण सीमेची आहे, हे इतिहास ठाऊक असल्याशिवाय ठरवता येत नाही.

२४/२५
सर्वांत मोठा धोका उरतो तो हरवलेल्या शेवटाचा. तळ फाटलेल्या पत्रात 'लेखनसीमा' नाही. आळशी जुळणी मग पुढच्या पत्रात शिरते आणि तेथल्या खुणेशी थांबते. दोन पत्रांचे एक होते. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या तारखेला चिकटतो. शिवाय कागदावर ठसा असलेले मोर्तब पुस्तकात छापताना साध्या अक्षरांत उतरते, आणि मजकुराच्या जातीची नसलेली खूण पुन्हा मजकुराच्या जातीची होते. राजवाड्यांनी १८९८पासून प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या २२ खंडांपासून सरदेसायांच्या पेशवे दफ्तराच्या ४५ भागांपर्यंत छापील साधने विपुल आहेत. त्यांवर यंत्र चालवायचे तर आधी दोन मोजण्या कराव्यात : 'श्री' किती, शेवट किती. आकडे जुळले नाहीत तर सुटी केलेली पत्रे माणसाने एकेक करून वाचलीच पाहिजेत.

२५/२५
पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. २०१४ साली मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे हे कागद मूळ लिपीत टंकित करून शोधणे शक्य झाले आहे. त्यासाठी मोडी वाचणारे तरुण हवेत आणि रेजेक्स जाणणारेही. दोन्ही एकाच व्यक्तीत असतील तर उत्तमच. अशा तरुणाने पहिला कागद उघडला की मजकुराआधी तळ पाहावा. मोर्तब आहे का, ते शेवटच्या ओळीला लागून आहे का, खाली कोणी काही वाढवले आहे का. सचिवाच्या कचेरीत हीच तपासणी होई, आणि ती झाल्याशिवाय कागद बाहेर पडत नसे.